नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज चढवायचा आहे: फाटकाचं पॅनल आणि नावाची पाटी

पायवाट

नमस्कार मंडळी. नाशिकला घराचं काम शेवटच्या टप्प्यात आलंय. फाटकाशेजारी सहा बाय तीन फुटांचं लोखंडी पॅनल बसवायचं आहे. त्यात लेझरने जाळी कापायची आणि मधोमध घराचं नाव. रंग नको, पावडर कोटिंग नको, गंजलेलाच दिसायला हवा, हा घरातला एकमताचा निर्णय. एकमत म्हणजे बायको आणि मुलगी. सासऱ्यांचं म्हणणं, "मग नवीन कशाला आणता? भंगारवाला दारावरून रोज जातो."

आर्किटेक्टबाई म्हणतात कॉर्टन घ्या, म्हणजे ज्याचा गंजच दाट थर होऊन आतल्या धातूला जपतो ते पोलाद. फॅब्रिकेटर म्हणतो एवढ्याशा तुकड्यासाठी कॉर्टनच्या मागे लागू नका, साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीचा लोखंडी पत्रा) घ्या, गच्चीवर टाकून ठेवा, आपोआप गंजेल. यातलं खरं काय? साध्या पत्र्यावर लवकर गंज आणता येतो का? आणि आणल्यावर तो तिथेच थांबतो का? पॅनलखाली शहाबादी आहे, तीवर तांबडे ओघळ आले तर घरात माझं काही खरं नाही.

लेथवाला

फॅब्रिकेटरचं अर्धं बरोबर आहे. गच्चीवर टाकलेला पत्रा गंजतो, पण ठिगळं पडल्यासारखा. सगळीकडे सारखा येत नाही. कारण पत्र्यावर आधीच काहीतरी असतं.

सीआर पत्रा (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला; गुळगुळीत, करडा) कारखान्यातून तेल लावूनच येतो. तेल गेल्याशिवाय पाणी पत्र्याला चिकटतच नाही, नुसतं गोळा होऊन घरंगळतं. एचआर (हॉट रोल्ड, म्हणजे गरम लाटलेल्या) पत्र्यावर काळी-निळसर पपडी असते, आम्ही तिला मिल स्केल म्हणतो. पत्रा लालभडक असताना रोलमधून निघतो तेव्हाच ती धरते. ती असेल तिथे गंज नाही, सुटली तिथे खोल खड्डा. तुमचं पॅनल बाहेर राहणार, म्हणजे तीन मिलिमीटरचा एचआर घ्या. कापण्याआधी वजन चाळीस किलोच्या आसपास भरेल, तेव्हा भिंतीतले फास्टनर त्या बेताने ठरवा. पातळ पत्रा घेऊ नका, जाळी कापल्यावर तो वेडावाकडा होतो.

पपडी काढायला ग्राइंडरवर ऐंशी नंबरची फ्लॅप डिस्क. चष्मा लावूनच. एकाच दिशेने फिरवा, नाहीतर गंजाखालूनही गोल गोल ओरखडे दिसत राहतात. मग थिनरने पुसून घ्या, आणि त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नका. घामात मीठ असतं, बोटं उमटतात आणि पहिला गंज तिथेच येतो. एका गिऱ्हाइकाच्या पॅनलवर आमच्याच पोऱ्याचा अख्खा पंजा उमटला होता. गिऱ्हाइकाला तो आवडला, ही गोष्ट वेगळी.

जीआय (गॅल्वनाइज्ड) पत्रा चुकूनही आणू नका. त्यावर जस्त असतं, ते तुमच्या गंजाला दाद देणार नाही. जस्त जाळून काढतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासूनही लांब राहा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आजोबांचा_पान्हा

आयुष्यभर दर दिवाळीआधी फाटकाला रेड ऑक्साइड मारत आलो. आता कळलं की आम्ही फॅशनच्या विरुद्ध दिशेने पोहत होतो. चालू द्या.

बुन्सेन_बर्नर

झटपट गंजाचा नुस्खा देतो. सामान किराणा आणि मेडिकलच्या दुकानातलं आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के, अर्धा लिटर. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के झालं. पांढरं व्हिनेगर ६० मिली. साधं मीठ दीड चमचा, तेही पूर्ण विरघळवून.

आधी पत्र्यावर नुसतं व्हिनेगर फवारा आणि उन्हात वाळू द्या. ते पृष्ठभाग थोडा खाऊन ठेवतं. मग वरचं मिश्रण फवारा. पत्रा उन्हाने तापलेला असेल तर डोळ्यांदेखत फेस येतो, फेस पिवळट होतो आणि काही मिनिटांत नारिंगी. वाळलं की पुन्हा फवारा, पुन्हा वाळू द्या. आम्ल लोखंडावरचा पातळ थर काढतं, मिठामुळे पाण्यातून विजेचा प्रवाह सहज वाहतो आणि पेरॉक्साइड लोखंडाला भराभर ऑक्सिजन पुरवतं. निसर्ग जे काम पावसाळाभर करतो ते इथे एका दुपारी होतं.

आता वाचलंच पाहिजे असं. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका. आतून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. लागेल तेवढंच करा, उरलं तर भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या. काम उघड्यावर करा, कारण पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र आले की डोळ्यांना आणि घशाला झोंबणारं पेरॲसेटिक आम्ल थोडं तयार होतं. पेरॉक्साइड मिळालं नाही म्हणून त्याऐवजी कपड्यांचं ब्लीच व्हिनेगरमध्ये ओतू नका, त्यातून क्लोरीन निघतो. आणि कारखान्यात मिळणारं ३५ किंवा ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड घरी आणूच नका. कातडी पांढरी पडून जळते.

पायवाट

सर, मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरतात असंही ऐकलं. आमच्याकडे द्राक्षबागायतदार नातेवाईक आहेत, मोरचुदाला तोटा नाही.

बुन्सेन_बर्नर

चालतं. मोरचुदाचं पाणी लोखंडावर पडलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांब्याचा पातळ थर बसतो. तांबं आणि लोखंड ओल्यात शेजारी आले की लोखंड झपाट्याने गंजतं. रंग नारिंगीपेक्षा चॉकलेटीकडे झुकतो. पण धुतलेलं पाणी मातीत किंवा तळ्यात सोडू नका, माशांना ते मारक आहे. मी पेरॉक्साइडच वापरेन.

देवगडचा_हापूस

सगळ्यांचा हिरमोड करतो. आमच्याकडे गंज आणायला बाटली लागत नाही, खाडीवरचा वारा पुरतो. गंज थांबवायला मात्र अजून कुणाला काही सापडलेलं नाही.

आमच्या गावात समुद्राला लागून एक होमस्टे झाला. मुंबईच्या डिझायनरने सगळीकडे गंजके पॅनल लावले, कुंड्यासुद्धा तशाच. पहिल्या उन्हाळ्यात पाहुणे फोटो काढत होते. पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटायला लागले. हात फिरवला की नखाएवढी ढलपी हातात येते, आणि खाली जांभ्याच्या फरशीवर रांगोळी. वेल्डिंगच्या जागी तर आरपार उजेड दिसायला लागला. नाशिकला खारा वारा नाही, तेव्हा तुमचं निभेल. कोकण, गोवा, अलिबाग इथले कोणी हा धागा वाचून उद्योगाला लागणार असतील तर आधी चार वेळा विचार करा.

थ्री_रिव्हर्स

कॉर्टनचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी अमेरिकेत पिट्सबर्गला असतो, कॉर्टन बनवणाऱ्या यूएस स्टील कंपनीचं हे गाव. त्यांची ६४ मजली इमारत १९७० साली उभी राहिली, तिचे खांब बाहेरून कॉर्टनचेच आहेत, रंग न दिलेले. आता ती गडद तपकिरी, जवळजवळ जांभळट दिसते. पण सुरुवातीची काही वर्षं तिच्या अंगावरून उतरणाऱ्या पाण्याने खालचे फुटपाथ तांबडे केले होते. म्हणजे पायवाट, ओघळांची भीती तुमच्या एकट्याची नाही. कंपनीने स्वतःच्या मालाची जाहिरात म्हणून इमारत बांधली आणि डागाळलेली फरशीही तिच्याच दारातली. (विषयांतर: आगीपासून बचाव म्हणून त्या खांबांच्या पोटात पाणी भरलेलं आहे.)

१९३० च्या दशकात हे पोलाद बाजारात आलं ते शोभेसाठी नव्हतं. कोळशाच्या रेल्वे वाघिणी लवकर सडत, त्यांच्यासाठी. वास्तुरचनेत ते ठसठशीतपणे आणलं ईरो सारिनेन यांनी, इलिनॉयमधल्या मोलीन गावी, जॉन डिअर कंपनीच्या मुख्यालयात. १९६४ साली ते पूर्ण झालं. नांगर-ट्रॅक्टरवाल्यांच्या कचेरीला लोखंडच शोभेल, असा तो विचार. शिकागोतलं पिकासोचं १९६७ सालचं शिल्पही कॉर्टनचं आहे, आणि इंग्लंडातल्या गेट्सहेडचा ५४ मीटर पंखांचा देवदूताचा पुतळाही.

आणि फसलेलंही सांगतो. अटलांटाचं ओम्नी हे बंदिस्त क्रीडागृह १९७२ साली कॉर्टनमध्ये बांधलं. तिथली हवा दमट, गंज थांबायचं नाव घेईना, पत्र्याला भोकं पडली. १९९७ मध्ये पाडून टाकलं. होनोलुलूच्या अलोहा स्टेडियमच्या गंजाचीही तीच कथा, तिथे समुद्राची खारी हवा. देवगडकर म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

बुन्सेन_बर्नर

यामागचं कारण थोडक्यात. कॉर्टनमध्ये थोडं तांबं, क्रोमियम, निकेल आणि फॉस्फरस असतं. आधी ओलं, मग कोरडं, असं चक्र अनेकदा झालं की गंजाचा आतला थर दाट होतो आणि पाण्याला आत शिरू देत नाही. 'कोरडं' व्हायला मिळालंच नाही किंवा हवेत मीठ असलं तर तो दाट थर बनतच नाही. साध्या एमएसमध्ये ही भर नसते, त्यामुळे त्याचा गंज सच्छिद्रच राहतो. रंग कितीही हुबेहूब आणलात तरी साधा पत्रा कॉर्टन होत नाही.

दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, त्यातही फॉस्फरस भरपूर आहे. कानपूर आयआयटीच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच संशोधन केलं. दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या मदतीला आहे. तोच स्तंभ मुंबईच्या किनाऱ्यावर असता तर कसा दिसला असता, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारतो.

लेथवाला

कॉर्टन आपल्या नजरेखालून रोज जातं. जेएनपीटीतून निघणारे कंटेनर बहुतेक त्याच जातीच्या पोलादाचे असतात आणि रेल्वेचे जुने निळे डबेही. पण तिथे वर रंग असतो! शोभेच्या कामाला कॉर्टन हवंच असेल तर कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये विचारा. अडचण एवढीच की अख्खी प्लेट घ्यावी लागते आणि उरलेला तुकडा तुमच्या गळ्यात.

नीळ_मंजिष्ठा

मी नैसर्गिक रंगांचं काम करते, लोखंडाशी आमचा संबंध वेगळ्या वाटेने येतो. कलमकारीतला काळा रंग म्हणजे लोखंडाचे तुकडे गूळ-पाण्यात आंबवलेलं काळं पाणी. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर ते लागलं की क्षणात काळं होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचा तो खेळ.

पायवाट, हेच उलट करून बघा. गंज आलेल्या पत्र्यावर हिरड्याचा दाट काढा ब्रशने लावा. जिथे लागेल तिथे नारिंगी जाऊन निळसर काळा येतो. जुन्नर-आंबेगावकडचा बाळहिरडा आयुर्वेदिक दुकानात मिळतो, कुटून रात्रभर भिजवा आणि सकाळी उकळून गाळून घ्या. मी एका पाटीवर फक्त अक्षरांभोवती काढा लावला होता. अक्षरं तांबडी राहिली आणि भोवती काळोख. कोऱ्या चहानेही होतं, पण फिकं.

लेथवाला

ताई, दुकानात 'रस्ट कन्व्हर्टर' म्हणून बाटली विकतात, त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत टॅनिनच असतं. तुम्ही गिऱ्हाइकाचे पैसे वाचवलेत.

पायवाट

मंडळी, नमुने झाले! लेथवाले दादांनी सांगितलं तशी पपडी काढून छोट्या तुकड्यांवर प्रयोग केले. आडवा ठेवलेला तुकडा आणि उभा ठेवलेला तुकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आडव्यावर मिश्रणाची थारोळी साचतात आणि वाळताना त्यांच्या कडेने गडद वलयं उमटतात, नकाशावरच्या तलावांसारखी. उभ्यावर बारीक धारा. एका तुकड्यावर सुताराकडचा भुसा व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात भिजवून रात्रभर थापून ठेवला होता, त्यावर असे ठिपके-ठिपके आलेत की मुलगी म्हणाली हाच. हिरडाही लावला, ताई. सासरे तो तुकडा स्वतःच्या खोलीत घेऊन गेले, कशाला ते सांगत नाहीत.

आता खरी अडचण. बोट लावलं की बोट नारिंगी होतं. यावर थेट क्लिअर लॅकर मारू का?

लेथवाला

थांबा! निम्मी कामं इथेच फसतात. गंज आणणं दुपारचं काम आहे. पुढचं सांगतो ते नीट केलंत तर पॅनल टिकेल.

पहिलं म्हणजे मीठ काढा. ते गंजाच्या भोकांत जाऊन बसलेलं असतं. वर लॅकर मारलंत तरी हवेतली ओल ओढून घेतं आणि खालच्या खाली गंज चालू ठेवतं, मग एक दिवस लॅकर फुगून पापडासारखं निघतं. नळाच्या पाण्याने भरपूर धुवा. मग खायचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा धुऊन उरलेलं आम्ल घालवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा किंवा आरओचा. धुताना नायलॉनचा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा, सुटा भुगा जाऊ द्या. तारेचा ब्रश नको, तो रंगच खरवडतो.

मग साध्या पाण्याचे फवारे आणि ऊन, काही दिवस. मिठाशिवाय. रंग भडक नारिंगी असतो तो यात मुरतो, तपकिरीकडे जातो आणि पत्र्याला घट्ट धरतो. तुम्ही घाईत आहात हे कळतंय, पण ही पायरी गाळू नका.

कोरडं झाल्यावर पांढऱ्या सुती फडक्याने जोरात पुसून बघा. फडक्यावर नुसता ठसा आला तर ठीक. भुकटी आली तर पुन्हा धुवा.

आता वरचा थर. पाटी घरात असेल तर मेण पुरतं. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने चोळा. बाहेर असेल तर गाड्या रंगवणारे वापरतात तो हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, तोही मॅट. चकाकी घेतलीत तर गंज प्लॅस्टिकचा वाटतो. पाण्यात मिसळणारा क्लिअर ताज्या गंजावर नको, लावता लावता नवा गंज उठतो. पीयू फवारताना साधा कापडी मास्क चालत नाही, त्यातला हार्डनर फुप्फुसांना वाईट. गॅरेजमध्ये त्यांच्याकडूनच करून घ्या. मागची बाजू आणि कडा विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. मागच्या बाजूला तर मी सरळ प्रायमर आणि रंग देतो, कोण बघतंय.

क्लिअर लागला की रंग एक-दोन छटा गडद होणार. ओला पत्रा जसा दिसतो तसा. म्हणून आधी नमुन्याच्या तुकड्यावर मारून घरच्यांना दाखवा. आणि नाशिकच्या उन्हात कुठलाही क्लिअर कायमचा नसतो, काही वर्षांनी घासून पुन्हा मारावा लागेल. हे फॅब्रिकेटर सांगत नाहीत.

आजोबांचा_पान्हा

जवसाचं तेल का नाही सांगत कोणी? आमचे वडील अवजारांना तेच लावायचे.

लेथवाला

लावा की काका. उकळलेलं जवस पातळ लावून पुसून घेतलं तर रंग सुंदर येतो, फक्त बाहेर वरचेवर लावत राहावं लागतं. पण तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटही घेतात. पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

देवगडचा_हापूस

एवढे सोपस्कार करण्यापेक्षा लोखंडाची भुकटी असलेला रंग मिळतो तो का नाही? सिमेंट बोर्डावर लावायचा, वरून ॲक्टिव्हेटर फवारायचा, खरा गंज येतो. गंजून गंजणार किती, रंगातलं लोखंड संपलं की खेळ खलास. खाली बोर्ड शाबूत. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्यांना मला तरी हाच शहाणपणा वाटतो.

थ्री_रिव्हर्स

पटलं. फक्त त्यात लेझरने जाळी कापता येणार नाही.

चिंतातुर_जंतू_७७

पण गंजाने धनुर्वात होतो ना? लहान मुलं येता-जाता हात लावणार.

बुन्सेन_बर्नर

गंजाने होत नाही, जिवाणूंनी होतो. ते मातीत आणि शेणात असतात. गंजका खिळा मातीत पडलेला असतो आणि खोल जखम करतो म्हणून बदनाम झाला. मुलांची लस वेळेवर झालेली असू द्या आणि पॅनलच्या धारदार कडा कानशीने मारून घ्या, कापायला नको.

पायवाट

सगळ्यांचे आभार. शहाबादीचं काय?

लेथवाला

पॅनल भिंतीला चिकटवू नका. मागे वीस मिलिमीटरचे स्पेसर द्या, म्हणजे वारा खेळतो आणि पाणी अडकत नाही. खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवा. कडेच्या बरोबर खाली वीतभर रुंद पट्टी फरशी काढून तिथे गडद गोटे भरा. ओघळ आले तरी गोट्यांत जिरतात. फास्टनर स्टेनलेसचे असतील तर मध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर त्या भोकाभोवतीच पहिला खड्डा पडेल.

फरशीवर डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो, पण शहाबादी चुनखडीचीच, आम्ल तिचीही पॉलिश खातं. आधी कोपऱ्यात करून बघा, हातमोजे घाला, लगेच धुवा.

आणि लेझर कापायला देताना एक विचारून घ्या: ऑक्सिजनवर कापणार की नायट्रोजनवर? ऑक्सिजनवर कापलेल्या कडेला काळी चिवट साल राहते. तिच्यावर गंज नीट धरत नाही आणि क्लिअरही तिथूनच सुटतो. जाळी बारीक असेल तर प्रत्येक भोकात कानस घालत बसावं लागेल. नायट्रोजनला थोडे जास्त पैसे घेतील, द्या.

पायवाट

विचारलं. ऑक्सिजनवर कापणार होता. बदलून घेतलं, आणि जाळीचं नक्षीकामही जरा मोठं केलं. हिरड्याचा तुकडा सासऱ्यांनी दाराच्या वरच्या चौकटीवर ठेवलाय. त्यांना आता त्यांच्या खोलीसाठी वेगळी पाटी हवी आहे, काळ्यावर तांबडी. नीळ_मंजिष्ठा ताई, काढ्यात हिरडा किती आणि पाणी किती ते सांगाल का?

नीळ_मंजिष्ठा

शंभर ग्रॅम कुटलेला हिरडा, एक लिटर पाणी, आटवून निम्मं. स्टीलच्या भांड्यात उकळा, लोखंडी कढईत अजिबात नाही. कढई काळी होईल आणि काढाही वाया जाईल. अक्षरांवर आधी कागदी चिकटपट्टी कापून लावा, काढा अर्धवट ओला असतानाच ती पट्टी सोडवून घ्या. पूर्ण वाळू दिलीत तर पट्टीबरोबर कडेचा गंजही निघून येतो.